सुभद्राबाईची भवानी

"आधी हिरवं, मंग बाकीचं."

जुडी हातात देताना सुभद्राबाई हे म्हणायची, पिशवीचं तोंड बांधताना म्हणायची, आणि गिऱ्हाईक पाठमोरं झालं तरी त्याच्या पाठीला ऐकू जाईल अशा बेतानं पुन्हा एकदा म्हणायची. जेवायला बसलात की पहिले घास पालेभाजीचे घ्या, भाकरी मागाहून, आणि भाताकडं अगदी शेवटी बघा, एवढाच त्याचा अर्थ. पण तिच्या तोंडून ते असं निघायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, जगाची घडीच या क्रमानं बसवलेली आहे आणि ती मोडायचा अधिकार आपल्याला नाही.

भोसरीत वर्कशॉपांच्या गल्ल्या जिथं मोठ्या रस्त्याला येऊन मिळतात, तिथं सकाळी भाजीवाले पथारी पसरतात. रात्रपाळीची माणसं परतत असतात, दिवसपाळीची निघालेली असतात, आणि दोन्हींच्या मधल्या वाहत्या गर्दीच्या काठाला सुभद्राबाई बारदान अंथरून बसायची. हिरवं नऊवारी, कपाळावर ठसठशीत गोंदण, पुढ्यात जुनी हाततागडी. बाजारात सगळ्यांकडं बटणाचे काटे आले होते; हिनं मात्र सासूच्या हातची तागडी सोडली नव्हती.

तिचा माल चाकणच्या अलीकडून पहाटेच्या टेम्पोनं यायचा. माल म्हणजे कुठल्या बागायतदाराचा नव्हे, तिच्या स्वतःच्या पट्टीतला. घरची बाकी जमीन केव्हाच कंपन्यांत गेली होती. उरली होती ती दोन कंपन्यांच्या भिंतींमधली एक चिंचोळी पट्टी. एका भिंतीआड दिवसभर लोखंड ठोकल्याचा आवाज, दुसरीआडून रंगाचा वास, आणि मधोमध मेथी, शेपू, चुका, पालक, चाकवत, राजगिरा. उन्हाला त्या पट्टीत उतरायला भिंत ओलांडून यावं लागायचं. तरी ते यायचं, आणि सुभद्राबाईची मेथी बाजारातल्या कुठल्याही मेथीपेक्षा काळीभोर हिरवी असायची.

सादिकानं तिला पहिल्यांदा जवळून पाहिलं ते संध्याकाळी, बाजार उठताना.

सादिका चांदभाईची बायको. चांदभाई मूळचा उदगीरकडचा. पोरगेला असताना भोसरीला आला आणि लेथवर उभा राहिला तो केस पिकेपर्यंत. लोखंडाला असा गोलवा द्यायचा की हात फिरवताना बोट कुठं अडायचं नाही. पण गेली काही वर्षं त्याला साखर होती, आणि साखरेनं पायांची जाण नेली होती. एक दिवस लेथवरून उडालेली तापलेली कात्रण त्याच्या चपलेत शिरली. त्याला कळलंच नाही. जळाल्याचा वास आला तेव्हा त्यानं आधी मोटार बघितली, मग पट्टा बघितला, आणि सगळ्यात शेवटी आपला पाय.

जखम भरेना. काम सुटलं. सादिका घरी बसून रबरी सीलच्या कडा कातरायचं काम करायची, त्यावर खोलीचं भाडं कसंबसं निघायचं. रेशनचा तांदूळ-गहू यायचा. सकाळी चहा आणि खारी, दुपारी भात, रात्री सकाळचाच भात. पोट भरायचं आणि जखम ओली राहायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई, स्वरूपा मॅडम, भल्या होत्या. मलमपट्टी स्वतः करायच्या. त्यांनी एकदा सादिकाला बाजूला घेऊन सांगितलं, गोळ्या मी देते, पण ताटात काय पडतं ते या खिडकीतून मला देता येत नाही; पालेभाजी, कडधान्य, अंडं पोटात गेलं नाही आणि साखर अशीच राहिली, तर पाय घोट्यापासून काढावा लागेल.

घोट्यापासून. हा शब्द सादिकाच्या कानात कातरीसारखा उघडमीट करत राहिला.

मदत येत नव्हती असं नाही. एका मंडळानं वस्तीत धान्याचे संच वाटले होते. चांदभाई दारातून हसला होता. संचात तांदूळ, रवा, मैदा आणि वर साखरेचा पुडा. साखरेच्या माणसाला साखर वाटतात म्हणाला, आणि फोटोसाठी हात पुढं करायला नाही म्हणाला. फुकटचं त्याच्या घशाखाली उतरत नसे. ज्यानं आयुष्यभर मापात बसणारं काम दिलं, त्याला माप न देता घेणं जमत नव्हतं. म्हणून सादिका त्याला न सांगता संध्याकाळी बाजारात गेली आणि उठलेल्या पथाऱ्यांच्या जागी पडलेली पानं वेचू लागली.

मागून आवाज आला, काय गं, कशाला वेचतीस?

सादिकानं पदर सावरला आणि सांगितलं, शेळीला.

"कोन्त्या रंगाची हाय शेळी?"

सादिकाला रंग सुचेना. भोसरीच्या दहा बाय दहाच्या खोलीत शेळी बांधलीय हे सांगताना तिचं तिलाच हसू आणि रडू दोन्ही आलं. सुभद्राबाई मात्र हसली नाही. तिनं सादिकाच्या पिशवीत डोकावलं, मग रस्त्याकडं पाहिलं, आणि म्हणाली,

"हितं एवढे चांगले बटाटे पडल्यात, त्यांना तू शिवली न्हाईस. निस्ता पाला घेतलास. तुज्या शेळीला साखर हाय व्हय?"

मग सादिका तिथंच बारदानावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. कात्रण सांगितली, घोटा सांगितला, आणि नवरा फुकटचं घेत नाही हेही सांगितलं. सुभद्राबाईनं सगळं ऐकून घेतलं, जसं कुणी पावशेर मिरची मागितल्यावर ऐकावं तसं. मग उरलेल्या जुड्या भराभर टोपलीत रचत तिनं सांगून टाकलं, की उद्या सकाळी त्याला पाठव, माझी भवानी करायला.

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. बाजारात बसणाऱ्या माणसाला ती देवाच्या ठिकाणी. भवानीच्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही, त्याच्याशी भावावरून घासाघीस करायची नाही, तो जे देईल ते कपाळाला लावायचं आणि तागडीला लावायचं. दिवस कसा जाणार ते त्याच्या हातावर.

सादिकानं विचारलं, पण त्यांनी ओळखलं तर? हे दानच आहे म्हणाले तर?

"दान?" सुभद्राबाईच्या भुवया वर गेल्या. "भवानी मी घेनार, त्यो देनार. दान कोन कुनाला करतंय, इचार त्याला."

चांदभाईला हे पटलं. लेथवाल्यांतही दिवसाचं पहिलं काम परतवत नाहीत, भाव गिऱ्हाइकाच्या तोंडचा घेतात, हे तो वर्षानुवर्षं करत आला होता. दुसऱ्या सकाळी तो टाचेवर भार देत, भिंतीला धरत बाजारात गेला. खिशातलं नाणं त्यानं तिच्या हातावर ठेवलं. सुभद्राबाईनं ते कपाळाला लावलं, तागडीच्या दोन्ही पारड्यांना टेकवलं, आणि मेथी, चुका, चाकवत, वर कोथिंबीर अशी पिशवी भरली. शेजारी मोडाची मटकी घेऊन बसणाऱ्या छबूबाईकडून मूठभर मटकी मागून घेऊन तीही टाकली. मग ते वाक्य म्हणाली. चांदभाई वळल्यावर त्याच्या पाठीला पुन्हा म्हणाली.

त्या दिवशी सादिकाच्या खोलीत शिजत्या चुक्याचा आंबूस वास पसरला तेव्हा शेजारीण दारात येऊन विचारून गेली, पाहुणे आलेत का?

हे असं रोज चाललं. एकदा सादिकानं छबूबाईला विचारलं, सुभद्रामावशी हे कशासाठी करतात? छबूबाई मटकी निवडता निवडता सांगत गेली. सुभद्राबाईचा नवरा मालोजी, ज्या कंपनीत जमीन गेली त्याच कंपनीच्या फाटकावर वॉचमन होता. भाजीवाल्याच्या घरची जुनी रीत अशी, की विकायच्या मालाला घरात हात लावायचा नाही. उरलं तर खायचं. आणि सुभद्राबाईचा माल उरायचाच नाही. मग मालोजी फाटकावरचे वडापाव खायचा, घरी भात खायचा. भाजीच्या शेतात राहणारा माणूस पाल्यावाचून साखरेनं गेला, आधी पाय आणि मग पुरता. दहावं झालं त्या दिवसापासून सुभद्राबाई पट्टीत उतरली की पहिली जुडी विक्रीच्या टोपलीत टाकत नाही. ती खायला म्हणून बाजूला काढते. आधी हिरवं, म्हणते.

सादिकानं मान वळवून पाहिलं. सुभद्राबाई कुणाशी तरी शेपूच्या भावावरून तावातावानं भांडत होती. भवानी झाल्यावर ती कुणालाही काडीची सूट देत नसे.

मग उन्हाळ्यातले वाईट दिवस आले. कंपन्यांना जोडून सुट्ट्या लागल्या, खोल्या रिकाम्या झाल्या, माणसं गावाला गेली. सुभद्राबाईचा माल खपेना. ओलं बारदान टाकून टाकून जुड्या जिवंत ठेवायची आणि संध्याकाळी गोठ्यावर नेऊन म्हशींना घालायची. लागोपाठ काही दिवस असंच गेलं. खरं तर सगळ्यांचंच तसं चाललं होतं, पण तिच्या पलीकडं कांदे-बटाटे घेऊन बसणारा ज्योतीराम बोलून गेला. फडक्यात पाय बांधलेल्या माणसाच्या हातची भवानी घेता मावशी, दुसरं काय व्हायचं, म्हणाला. हळू म्हणाला, पण चांदभाई पिशवी घेऊन तिथंच उभा होता.

ज्योतीराम वाईट माणूस नव्हता. बाजारातले निम्मे लोक मनातून हेच म्हणत होते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, चांदभाईलाही ते पटलं. भवानीवर विश्वास होता म्हणूनच तर तो मानानं जात होता. आता त्याच विश्वासानं त्याला घरी बसवलं. ज्या बाईनं मला खाऊ घातलं तिच्या पोटावर माझा हात पडतो, म्हणाला, आणि दुसऱ्या सकाळी खाटेवरून उठलाच नाही. सादिकानं विनवलं, ती चिडली, शेवटी तिनं घोट्याचं नाव काढलं. तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "पाय माझा आहे. धंदा तिचा आहे."

सादिका एकटीच बाजारात गेली. मावशीला खरं काय ते सांगावं आणि आभार मानून यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

बाजार रोजच्यासारखा भरला होता. पण सुभद्राबाईच्या पुढ्यातलं बारदान उघडलेलं नव्हतं. माल ओल्या गोणपाटाखाली झाकलेला, तागडी पालथी, आणि ती हात मांडीवर ठेवून बसलेली. समोर टेम्पो लावून सुजित उभा होता. हा सुजित कामगारांची मोठी खाणावळ चालवायचा. सुट्टी संपून माणसं परतायला लागली होती आणि त्याला पालेभाजीचा ढीग हवा होता. तो अख्खा माल उचलायला तयार होता, आणि सुभद्राबाई त्याला सांगत होती, जरा थांब, माझी भवानी व्हायचीय.

सुजितला वाटलं ती चेष्टा करतेय. मावशी, मीच करतो की भवानी, म्हणाला, आणि पैसे पुढं केले. तिनं हात मांडीवरून उचलला नाही. माझ्या भवानीचं गिऱ्हाईक ठरलेलं हाय, म्हणाली. त्यानं चहा घेतला. घड्याळ बघितलं. पुन्हा विचारलं. मग मान हलवत पलीकडं गेला, ज्योतीरामचे कांदे-बटाटे भरले, रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या कुणाची कोबी भरली, आणि टेम्पो निघून गेला. बाजारातला एकेक माणूस हे बघत होता. आज कित्येक दिवसांनी आलेलं गिऱ्हाईक बाईनं हातानं घालवलं होतं. छबूबाईच्या हातातलं मटकीचं माप तसंच हवेत राहिलं होतं.

सादिका उलट्या पावली पळत सुटली. खोलीत शिरून दाराला धरूनच उभी राहिली. जे पाहिलं ते तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. चांदभाईनं आधी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग तो उठून बसला. मग त्यानं सदरा मागितला.

त्या सकाळी तो जसा चालला, तसा सादिकानं त्याला कधी चालताना पाहिलं नव्हतं. टाच टेकायची, थांबायचं, भिंत धरायची, पुन्हा टाच. ऊन चढलं होतं. वर्कशॉपांतून लेथचे आवाज सुरू झाले होते, आणि प्रत्येक दारातून कुणीतरी ओळखीचं हाक मारत होतं, पण तो थांबला नाही. माल अजून गोणपाटाखालीच होता. सुभद्राबाईनं त्याला येताना पाहिलं, पण ती जागची उठली नाही.

तो तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, माझा हात लाभत नाही. दुसऱ्याच्या हातची घ्या."

"हात लाभतो का न्हाई ते मी बघीन." तिचा आवाज शांत होता, पण पलीकडं ज्योतीरामपर्यंत नीट पोचेल इतका. "माल न्हाई खपला तर म्हशी खात्यात. भाजी उद्या परत उगवती, चांदभाई. पाय उगवत न्हाई."

चांदभाईचा हात खिशात गेला, तिथंच थांबला, मग बाहेर आला. तिनं तळवा पुढं केला. नाणं कपाळाला लावलं, तागडी सरळ केली, पारड्यांना टेकवलं, आणि एका झटक्यात गोणपाट ओढलं. खालून तो सगळा हिरवेपणा उन्हात उघडा पडला, अर्धा तजेलदार, अर्धा मान टाकलेला. सादिकाला वाटलं, आपण आजवर हिरवा रंग पाहिलाच नव्हता.

त्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. भाजी थोडी विकली गेली, बरीच म्हशींना गेली. संध्याकाळी टोपली उचलताना सुभद्राबाई चांगलीच थकलेली दिसत होती. पण दुसऱ्या सकाळी छबूबाईनं बारदान अंथरून मटकीवर फडकं झाकलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असं चांदभाईला विचारलं, की माझी भवानी कोण करणार? तुमच्या चाळीत आणखी कुणी आहे का साखरेचं?

होती. चाळीतली अंबुबाई होती, घरोघरी भांडी घासून दोन वेळा चहा-पावावर राहणारी. रात्री पहारा करणारा एक म्हातारा होता. अंबुबाई छबूबाईच्या भवानीची झाली. म्हातारा अंडीवाल्याकडं जाऊ लागला. कुणी कुणाला नेमून दिलं नाही. ज्याला जो सापडला तो त्याचा. सकाळी त्या कोपऱ्यावर हळूहळू चालत येणारी, कुणी काठी टेकत, कुणी डोळ्यांवर हात धरत, अशी माणसं दिसू लागली, आणि बाजार त्यांची वाट बघत झाकून बसू लागला. लाज कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. ती माणसं घ्यायला येत नव्हती ना. ती दिवस उघडायला येत होती.

सर्वांत शेवटी ज्योतीराम आला. त्यानं चार दिवस मान वर केली नव्हती. सुभद्राबाईपुढं येऊन तो पुटपुटला, की मलापण एखादं गिऱ्हाईक द्या. ती म्हणाली, तुझ्या बटाट्यांनी माझ्या माणसांचा जीव घेशील. दुसऱ्या आठवड्यात ज्योतीरामच्या पथारीवर, कांद्यांच्या शेजारी, दुधी, दोडका आणि काकडी मांडलेली होती. तिनं ती लांबूनच बघितली, आणि पहाऱ्यावरच्या म्हाताऱ्याच्या बायकोला ज्योतीरामकडं धाडलं.

चांदभाईचा पाय वाचला. एक बोट गेलं. स्वरूपा मॅडमनी खूप दिवस मलमपट्टी केली, गोळ्या बदलल्या, दोनदा रागावल्या, आणि एका सकाळी जखमेच्या कडेला आलेली नवी गुलाबी कातडी सादिकाला वाकून बघायला लावली. सादिकानं ती बघितली. इवलीशी होती, मेथीच्या रोपाला पहिलं पान फुटतं तेवढी.

पावसाळा सरल्यावर तो कामावर परत गेला. उंच स्टूल घेऊन बसून करायचं काम, पायात बंद बूट. पहिल्याच दिवशी त्यानं मालकाला विचारून एक पितळेचा तुकडा लेथवर लावला. सुभद्राबाईच्या तागडीची मधली खीळ झिजून पारडं एका अंगाला कलायचं, ते त्यानं रोज सकाळी पाहिलं होतं. नवी खीळ अशी झाली की तिच्यावर दांडी श्वासानंही हलावी. संध्याकाळी बाजार उठायच्या सुमाराला त्यानं आणि सादिकानं ती नेऊन दिली. सुभद्राबाईनं खीळ बसवली, रिकामी पारडी हवेत धरली. ती समोरासमोर येऊन स्थिर झाली.

मग तिनं विचारलं, किती द्यायचं?

"आज माझीबी भवानीच आहे, मावशी," चांदभाई म्हणाला. "तुम्ही द्याल ते."

तिनं टोपलीत हात घातला. तळाशी एकच जुडी होती, चाकवताची. ती तिनं त्याच्या ओंजळीत ठेवली. चांदभाईनं ती कपाळाला लावली, आणि त्याच्या मशिनीच्या तेलानं काळ्या झालेल्या बोटांमध्ये ती पानं फार कोवळी दिसली.

सुभद्राबाईनं तागडी पदराखाली घेतली, रिकामी टोपली डोक्यावर पालथी घातली आणि चाकणच्या बसकडं निघाली. पाळी सुटली होती. माणसांचा लोंढा समोरून येत होता आणि ती त्यातून वाट काढत, कुणालाही धक्का न लावता, सरळ चालली होती. ज्योतीराम गोणीचं तोंड बांधता बांधता थांबला. छबूबाईनं मटकीवर फडकं टाकलं आणि हात तसाच ठेवला. चांदभाई ओंजळ न मोडता उभा होता. सादिका मात्र दोन पावलं पुढं गेली, टाचा उंचावून, आणि ती पालथी टोपली माणसांच्या डोक्यांवरून तरंगत तरंगत दूर, अगदी बारीक होईपर्यंत बघत राहिली.